भावकूचा चौथा चेंडू

चेंडू ताण्यात पडला आणि सात-आठ धागे तटातट तुटले. अंबुवहिनीने खळीचा कुंचा खाली ठेवला. शहापुरातल्या आमच्या गल्लीत सकाळी पांजणी चाले. साडीचे उभे धागे गल्लीभर ताणून त्यांना खळ लावायची. तिचा विणकर नवरा भावकू त्याच कमरेएवढ्या ताण्यावरून गोलंदाजीचा सराव करत होता.

"टाकायचा तर पल्याड टाका," एवढंच म्हणून ती धागे सांधायला बसली. पलीकडे मी, यष्टिरक्षक. मला तोंड लपवावंसं वाटलं.

आदल्या वर्षी, सदतीस साली, कॅम्पातल्या लष्करी संघाच्या गोऱ्या कप्तानाने भावकूची गोलंदाजी बदडून काढली होती. भावकूकडे एकच चेंडू, तोही एकाच बाजूला वळणारा. यंदा कप्तान बाद झाला नाही तर भावकूला संघात जागा नाही, असं गल्लीच्या पंचमंडळींनी बजावलं होतं. म्हणून हा खटाटोप. वर्षभरात त्याने उंचावरून अचानक बुडणारा आणि सरळ सुसाट जाणारा असे आणखी दोन चेंडू कमावले. चौथा मात्र हट्टी. हात तोच, पण वळायचा उलट्या बाजूला. तो शंभरात एकदाही वळत नव्हता.

यंदाच्या सामन्यात कॅम्पवाल्यांना चार धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. समोर तोच कप्तान. भावकूने चेंडू सोडला. कप्तान दोन पावलं पुढे आला, बॅट फिरवली, आणि चेंडू टप्पा पडून चक्क उलटा वळला. तो माझ्या हातात आपसूक आला. मला फक्त यष्ट्या उडवायच्या होत्या. पण मी खुळ्यासारखा त्या टप्प्याच्या जागेकडेच बघत राहिलो. आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. भानावर आलो तेव्हा कप्तानाचा पाय रेषेच्या आत परतला होता.

पुढच्या चेंडूवर चौकार गेला आणि आम्ही हरलो.

माझ्याशी कुणी बोलेना. परतताना मीच भावकूला म्हणालो, "मला जोड्यानं मार."

त्याने चालता चालता चेंडू धरल्यासारखी बोटं वळवली. मग म्हणाला, "खरंच उलटा वळला रं?"

"व्हय. हातभर."

"मधी गोरा आलता. मला काय दिसलंच न्हाय. कसा वळला, नीट सांग."

शहापूर येईपर्यंत मी सांगत होतो.