गंगापूरच्या खालची गोदावरी

पुंजाराम विधाते गुरुजींनी तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, आणि एवढ्या काळात गोदावरी नदीला एकदाही गंगापूर धरणाच्या खाली उतरू दिलं नाही.

यात त्यांचा काही दोष नव्हता. तिसरीच्या भूगोलात गोदावरीचा धडा अगदी शेवटी होता. दरसाल गुरुजी मोठ्या उमेदीनं ब्रह्मगिरीवरून तिला निघायला लावायचे, त्र्यंबकेश्वरातून खाली आणायचे, फळ्यावर निळ्या खडूनं वळणं काढत काढत गंगापूरला पोचायचे, आणि तेवढ्यात वरून आदेश यायचा. एक्क्याण्णव साली जनगणना आली. गुरुजी घरं मोजायला गेले. मग साक्षरता अभियान आलं, त्यात ते आज्या-आजोबांना अंगठ्यापासून सहीपर्यंत नेऊन परत येईतो मुलांच्या परीक्षा झालेल्या. मग पल्स पोलिओ. मग निवडणूक, आणि ती कुणाला पटली नाही म्हणून लगेच दुसरी निवडणूक. मग पशुगणना, म्हणजे बैल, म्हैस, शेळी, आणि ज्यांची शेळी मोजायची राहिली त्यांची समजूत. शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हा तांदूळ निवडणं आलं. पुढं हागणदारीमुक्तीचं गुड मॉर्निंग पथक निघालं, तेव्हा पहाटे शिट्टी आणि बॅटरी घेऊन ओढ्याकाठी दबा धरून बसायचं काम सगळ्यात अनुभवी शिक्षकाकडे, म्हणजे गुरुजींकडे आलं.

दोन हजार तीन साली मात्र गुरुजींनी गनिमी कावा केला. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात त्यांनी पुस्तक शेवटून शिकवायला घेतलं. गोदावरी गंगापूरला टेकली आणि सिंहस्थाच्या गर्दीची ड्युटी आली. गुरुजी पुढचे काही महिने खुद्द रामकुंडावर, खुद्द गोदावरीच्या काठावर, शिट्टी फुंकत उभे होते. वर्गातली गोदावरी तिकडे धरणातच.

मुलांनी आपापल्या परीनं अर्थ लावून घेतला. हरसूलपासून दिंडोरीपर्यंत आज अशी कित्येक कर्ती माणसं आहेत, जी गोदावरी गंगापूर धरणात संपते असं प्रामाणिकपणे मानतात आणि त्यामुळे त्यांचं कुठंही अडलेलं नाही.

दोन हजार सहा साली गुरुजी निवृत्त झाले. निरोप समारंभात मुख्याध्यापक भाषणात म्हणाले की पोलिओच्या कामात विधाते गुरुजींचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. गुरुजी घड्याळ घेऊन मखमलाबादला घरी आले ते एकच गोष्ट मनाशी धरून. आता आदेश काढणारं कोणी नव्हतं. एकदा, निदान एकदा, कुणाच्या तरी पुढ्यात हा धडा शेवटपर्यंत न्यायचा.

घरी छायाबाईंचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, बांधाला गुलछडी. मळा त्याच बघत, बाजार त्याच बघत, आणि नवरा दिवसभर घरी असण्याची त्यांना सवय नव्हती. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात निंदणीच्या बायकांना बांधावर बसवून ब्रह्मगिरीपासून सुरुवात केली. बायकांना बसायला मिळालं म्हणून त्यांनी मन लावून ऐकलं. छायाबाई बाजारातून आल्या तेव्हा तण होतं तसंच होतं आणि रंगूबाई नावाची सगळ्यात कामसू बाई धरणाच्या भिंतीची उंची विचारत होती.

"अहो," छायाबाई म्हणाल्या, "ही नदी बाहेर कुठं तरी नेऊन सोडा. माझ्या झेंडूत नको."

म्हणून गुरुजी नव्या नोकरीच्या शोधाला लागले.

कॉलेज रोडला तेव्हा दर दोन दुकानांमागे एक कोचिंग क्लास होता. गुरुजी त्यातल्या सगळ्यात चकचकीत क्लासात गेले. तिथल्या तरुण संचालकानं अनुभव विचारला. गुरुजी प्रामाणिक माणूस. त्यांनी जनगणनेपासून सुरुवात केली आणि शिट्टी-बॅटरीपर्यंत आले. संचालक भारावून गेला. म्हणाला, अशाच माणसाच्या शोधात होतो. आणि त्यानं गुरुजींना खाली स्कूटरी लावून घेण्याच्या कामावर घ्यायची तयारी दाखवली. शिकवायचं काय, असं गुरुजींनी विचारल्यावर तो म्हणाला, शिकवायला कॉलेजातली पोरं ठेवलीत, तुमचा अनुभव तिकडे वाया जाईल.

मग ते पंचवटीतल्या एका वधू-वर सूचक मंडळात लागले. तिथं निदान माणसं समोर बसून ऐकतात, असा त्यांचा हिशेब. पहिल्या दिवशी गुरुजींनी मुलाकडच्यांना मुलीच्या गावचा भूगोल चांगला सांगितला. पण मुलीच्या वडिलांनी वय पंचवीस सांगताच गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, की एक्क्याण्णव साली मी तुमच्या घरी आलो तेव्हा ही पंधराची होती, दारात उभी राहून तिनंच मला पाणी दिलं होतं. एवढी स्मरणशक्ती त्या धंद्याला परवडणारी नव्हती. गुरुजी दुपारच्या चहाआधी घरी होते.

सातपूरच्या एका सुरक्षा कंपनीनं त्यांना घेतलं नाही. गुड मॉर्निंग पथकाचा अनुभव ऐकून तिथल्या साहेबाला हसू आवरेना, आणि हसणाऱ्या माणसाकडे नोकरी करायची नाही असं गुरुजींनीच ठरवलं.

अशा वेळी कुंदन भेटला. कुंदन हा गुरुजींचा दिंडोरीकडचा विद्यार्थी, तिसरीला त्यांच्याच वर्गात होता. आता त्याची स्वतःची द्राक्षबाग होती आणि बागेच्या कडेला वाइनरी. तो पांढरी पँट घालायचा. द्राक्षाच्या धंद्यात पांढरी पँट घालणारा माणूस एक तर फार यशस्वी असतो किंवा बागेत जात नाही. कुंदनच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. त्याची अडचण अशी होती, की शनिवार-रविवारी मुंबईहून पाहुणे यायचे, त्यांना चवीपुरता एक पेला फुकट असायचा, आणि तीच माणसं टोपी बदलून, गॉगल काढून, एकदा तर बायकोची ओढणी घेऊन परत रांगेत उभी राहायची.

"गुरुजी, गर्दी सांभाळावी ती तुम्हीच," कुंदन म्हणाला. "शाळेतलं मला बाकी काही आठवत नाही, पण तुमची रांग आठवते."

शिकवायला मिळेल का, असं गुरुजींनी विचारलं. कुंदन म्हणाला, पाहुण्यांना माहिती द्यायचीच असते, सोबत तुम्ही दोन शब्द बोला की. गुरुजींनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. दर दोन ऑक्टोबरला ते मुलांना व्यसनमुक्तीची शपथ द्यायचे. दोन रात्री विचार करून ते अशा निष्कर्षाला आले, की शपथ मुलांना दिली होती, मुंबईच्या लोकांना दिलेली नाही.

पहिल्याच शनिवारी त्यांनी वाइनरीचं मतदान केंद्र करून टाकलं. स्त्रियांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, वृद्ध आणि अपंग आधी. पेला रिकामा झाला की डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची रेघ, अगदी पोलिओसारखी. ओढणीवाला इसम दुसऱ्या फेरीला आला, करंगळी दाखवेना, तेव्हा गुरुजींनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तो कुठल्याशा बँकेचा मोठा साहेब होता. तो उभाही राहिला, आणि नंतर म्हणाला की वीस वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

हाताची सवय मात्र जाता जात नव्हती. एक मध्यमवयीन बाई पुढं आल्या तेव्हा गुरुजींनी त्यांची हनुवटी वर केली आणि म्हणाले, "आ कर बाळा." बाईंनी केला. त्यांच्या मागच्या सगळ्यांनी मग तसंच मागितलं. गुरुजींनी अर्धा तास पाणी पिऊ नका असंही बजावलं, आणि पाहुण्यांना ती जाणकारांची पद्धत वाटून त्यांनी ती पाळली. महिनाभरात मुंबईहून लोक करंगळी रंगवून घ्यायला म्हणून यायला लागले. ज्याच्या नखावर रेघ नाही तो सोमवारी ऑफिसात नाशिकला जाऊन आल्याचं सांगू शकेना. कुंदन खूश होता.

गुरुजी नव्हते. त्यांचे दोन शब्द काही व्हायचे नाहीत. ते ब्रह्मगिरीवर चढले रे चढले की कुंदनचा निरोप यायचा. गुरुजी, गाड्या आडव्या लागल्यात. गुरुजी, बस आलीय, मुंडकी मोजा. गुरुजी, वीज गेलीय, लोकांना बसवून घ्या. आदेश काढणारं कोणी तरी असतंच, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी छायाबाईंना सांगितलं, की पुढच्या रविवारीही झालं नाही तर सोडतो आणि गप झेंडू खुडतो. छायाबाईंनी हे ऐकून झेंडूकडे काळजीनं बघितलं.

तो रविवार फेब्रुवारीतला. सभागृहात एक लांबलचक लाकडी टेबल होतं, आणि जमीन उताराची म्हणून टेबलही किंचित उताराचं. पलीकडच्या टोकाला कुंदन स्वतः बसलेला, कुणा बड्या पाहुण्याशी बोलत, पांढऱ्या पँटीत. अलीकडच्या टोकाला पाहुण्यांची रांग, त्यात तो बँकेचा साहेब आणि पहिल्यांदा 'आ' करणाऱ्या त्या बाईही परत आलेल्या. तिथं 'आ' करता करता एका गृहस्थाचा कोपर लागला आणि लाल वाइनची आख्खी बाटली टेबलावर आडवी झाली.

बायका उठल्या. कोणी तरी फडकं मागितलं. गुरुजी त्या लाल ओघळाकडे बघत राहिले. तो एका खाचेतून निघाला, जरासा दचकला, डावीकडे वळला आणि खाली यायला लागला.

"कोणी पुसायचं नाही," गुरुजी म्हणाले. "खाली बसा. हे त्र्यंबकेश्वर."

माणसं बसली. गुरुजींच्या आवाजात ते काहीतरी होतं, ज्यानं बैलसुद्धा मोजून घ्यायला थांबायचे. त्यांनी आडवी बाटली तशीच ठेवली, तो ब्रह्मगिरी. मार्कर हातात घेऊन ते टेबलाच्या कडेकडेनं चालायला लागले आणि ओघळ त्यांच्याबरोबर. एका बाईंनी आपली पर्स उचलून वाट करून दिली. ओघळ पुढं आला आणि चीजच्या मोठ्या पसरट ताटाला येऊन अडला. तिथं त्याचं डबकं साठायला लागलं.

"हे गंगापूर धरण," गुरुजी म्हणाले आणि सवयीनं थांबले.

आणि सवयीप्रमाणे आदेश आला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून कुंदन उठून उभा राहिला होता. बाहेर दोन बसगाड्या समोरासमोर अडकल्यात, ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर धावतायत, गुरुजी, शिट्टी घेऊन आधी बाहेर जा.

गुरुजींनी ताटाकडे बघितलं. डबकं ताटाच्या कडेला येऊन थरथरत होतं. आयुष्यभर त्यांनी खडू खाली ठेवला होता आणि बाहेर गेले होते. आत्ताही मार्कर खाली ठेवायला हात गेला, आणि अर्ध्यातच थांबला.

"कुंदन," ते म्हणाले, "वर्ग चालू आहे. खाली बस."

कुंदन खाली बसला. तो का बसला हे त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. तो म्हणाला, पाय आपोआप वाकले.

गुरुजींनी दोन्ही हातांनी ताट उचललं.

गोदावरी निघाली. अशी निघाली की लोक खुर्च्यांवर गुडघे टेकून बघायला लागले. रामकुंड, सायखेडा, नांदूर-मधमेश्वर. तिथं गुरुजींनी बँकेच्या साहेबाला पेल्यातली वाइन बाजूनं ओतायला लावली, ही दारणा. त्या मध्यमवयीन बाईंनी न सांगता दुसऱ्या बाजूनं ओतली, त्यांना कादवा म्हणून बढती मिळाली. दिंडोरीच्या बागेतलं पाणी कादवेनंच गोदावरीत जातं, हे गुरुजींनी सांगताच टेबलावर टाळ्या पडल्या. कोपरगाव, पैठण. पैठणला कोणाची तरी प्लेट आडवी आली, पाच-सहा हातांनी ती उचलली. नांदेड. नदी आंध्रात शिरली तेव्हा लोक पेले उंच धरून तिच्याबरोबर चालत होते, राजमहेंद्रीला गुरुजींनी बोटानं तिचे फाटे करून दिले, आवाज चढत गेला, आणि सगळे फाटे मिळून टेबलाच्या कडेवरून खाली पडले.

"आणि अशा रीतीने," गुरुजी म्हणाले, "गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते."

बंगालचा उपसागर आपल्या मांडीकडे बघत होता. पांढऱ्या पँटीवर त्रिभुज प्रदेश चांगला पसरला होता. बडा पाहुणा खुर्ची मागे घेऊन श्वास रोखून बसलेला. नोकरी गेली, हे गुरुजींना समजलं, पण त्यांना ते फार लांबून आल्यासारखं वाटलं.

कुंदननं पँटीवरचा एक फाटा बोटानं वरपासून खालपर्यंत चाचपला. मग त्यानं मान वर केली.

"म्हणजे गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला, "ती धरणाच्या खाली जाते?"

बाहेर ड्रायव्हरांनी भांडून दमून बसगाड्या आपापल्या काढल्या होत्या. आत पाहुणे पुन्हा एकदा, पहिल्यापासून, पांढऱ्या वाइननं दाखवा म्हणून मागं लागले होते. कुंदननं तिथल्या तिथं सांगितलं, की रांगेला दुसरा माणूस बघू, गुरुजींनी रोज चारला फक्त धडा घ्यायचा. आणि टेबलाच्या वरच्या पायाखाली एक वीट सरकवायला लावली, उतार थोडा कमी पडतो म्हणून.

गुरुजी दिवेलागणीला लुनावरून घरी आले तेव्हा छायाबाई ओट्यावर शेवंतीच्या पाट्या बांधत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या बाह्यांवरचे लाल डाग बघितले, वास घेतला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून नदीची चौकशी केली.

"पोचली का?" त्या म्हणाल्या.

"पोचली."

"कुठं?"

गुरुजींनी लुना स्टँडला लावली.

"कुंदनच्या पँटीवर," ते म्हणाले. "उद्या उजळणी आहे."