साक्षीदाराची सही

पोलीस अधिकारी दिविनानं पुन्हा एकदा कोपरापर्यंत हात चिखलात खुपसला. हाताला शिंपले लागले, बाटलीची काच लागली, कुणाच्या तरी चपलेचा पट्टा लागला. फोन काही लागेना. भरतीचं पाणी गुडघ्यांना टेकलं होतं, आणि वर, खांबांवर उभ्या असलेल्या वेनान्सियाच्या घराच्या मागच्या खिडकीतून कापितान ओस्मुंदो सूचना देत होता.

"जरा डावीकडे, पोरी. तिथंच भिरकावला तिनं. या डोळ्यांनी पाहिलं मी."

कापितान म्हणजे वस्तीनं निवडून दिलेला म्होरक्या. सत्तरीचा, गोल पोटाचा, पोटावर पट्ट्यानं बांधलेली काळी पिशवी. तो दिसला की लहानथोर त्याचा हात धरून कपाळाला लावायचे. सेबूच्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्यांना असाच मान देतात, आणि त्याच्याइतका मान अख्ख्या वस्तीत कुणाला नव्हता.

फळ्यांच्या साकवावर बायकांची ही गर्दी जमली होती. एकीनं तोंडाला पदर नव्हता म्हणून हातच लावला, पण बोलली सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"एवढा तमाशा कशाला म्हणते मी? पोरीला कुणी बोट तरी लावलंय का? कॅमेराच तर आहे. बघणारा बसलाय सातासमुद्रापार."

"आणि जत्रेच्या जेवणाचं डुक्कर आता कोण देणार?" दुसरी म्हणाली. "यंदाचा मान वेनान्सियाचा होता."

दिविनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती चिखलानं माखलेले हात तसेच धरून सरळ उभी राहिली.

"मग तुमच्या लेकीला बसवा की त्या कॅमेऱ्यासमोर! नुसता कॅमेराच तर आहे. बसवता? डुक्कर मी देते!"

वरून कापितान हळूच म्हणाला, "पोरी, असं बोलू नये. गरीब माणसं आहेत."

गरीब! दिविनाचा बापही मासळी वाळवून जगला होता. त्यानं पोटची किंवा भावाबहिणीची पोरं विकली नव्हती.

परदेशातल्या पोलिसांनी पैसे मोजून कॅमेऱ्यावर पोरं बघणाऱ्या तिकडच्या एका माणसाला पकडलं होतं. त्याच्या संगणकातून निघालेला माग इथवर पोचायला महिनाभर लागला. इंटरनेटची कुठली वायर, कुठलं बिल, कुठलं घर, सगळं दिविनानं एकेक करून जुळवलं. आणि मग नियमाप्रमाणे झडतीला वस्तीचा प्रमुख साक्षीदार हवा, म्हणून पहाटे कापितानला फोन केला. घराचं नाव सांगितलं नाही, फक्त गल्ली सांगितली. पोलिसांच्या गाड्या पोचल्या तेव्हा चार्जर भिंतीला लटकत होता, वायरीचं टोक मोकळं होतं, आणि कापितान आधीच दारात उभा होता. कुणीतरी तोंड उघडलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, पण कुंपणाचा नेमका कुठला खांब, ते तिला कळत नव्हतं.

ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, तरी फोन मिळाला नाही.

दुपारी ठाण्यावर सरकारी वकिलाचा फोन आला. तो स्पष्टच बोलला. पुराव्याचा फोन नाही, तर मुलीचा जबाब तरी भक्कम हवा. तोही नसेल तर वेनान्सिया जामिनावर सुटेल, आणि आई-बाप नसलेली मुलगी कायद्यानं जवळच्या नातलगाकडे जाईल. जवळची नातलग म्हणजे हीच मावशी.

बाहेर बाकावर कापितान घाम पुसत बसला होता. "मी निघू का गं? घरी दहा कामं पडलीत."

"पंचनामा टाइप व्हायचाय, कापितान. साक्षीदाराची सही झाल्याशिवाय सोडता येत नाही."

"सकाळपासून एका जागी बसवलंस म्हाताऱ्याला. लघवीलासुद्धा शिपाई बरोबर!"

"नियम आहे," दिविना म्हणाली. त्या नियमावर आज तिचा मनापासून राग होता.

ती मुलगी, जोवेलिन, ठाण्यात आली. आठ वर्षांची, एका हातात समाजसेविकेनं दिलेला ओताप बिस्किटांचा पुडा, अजून न फोडलेला. बाकापाशी ती थांबली, कापितानचा हात घेऊन तिनं कपाळाला लावला आणि खाली मान घालून पुढे निघाली. कापिताननं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणी आहे आमची पोर. काही विचारा, तिला काही माहीत नाही."

जबाबाची खोली पोलिसांनी मुद्दाम साधी ठेवली होती. भिंतीला फिकट हिरवा रंग, दोन खुर्च्या, कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा. मुलांना कोर्टात आरोपीसमोर उभं राहावं लागू नये, एकदाच बोलावं आणि सुटावं, म्हणून हा कॅमेरा. दिविनानं स्वतः त्यासाठी वरच्या साहेबांशी भांडण केलं होतं. तिनं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

जोवेलिननं पाठ ताठ केली. केस कानामागे सारले. मग दिव्याकडे बघत चेहऱ्यावर एक हसू चिकटवलं.

"हॅलो, सर," ती इंग्रजीत म्हणाली.

दिविनाला क्षणभर काही दिसेना. ती कॅमेऱ्याची तिपाई उचलून खिडकीबाहेर फेकणार होती. अगं बाई, आपण काय केलं हे! महिनाभर डोकं चालवलं, आणि पोरीला आणून बसवलं ते पुन्हा त्याच दिव्यासमोर! तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"तिकडे सर नाहीत, जोवेलिन."

"मग कोण बघतंय?"

"आत्ता कुणी नाही. नंतर न्यायाधीश बघतील. तू हो म्हणालीस तर."

मुलगी दिव्याकडेच बघत राहिली. हसू अजून तसंच होतं, ते उतरवायला कुणी सांगितलं नव्हतं.

"हे बंद होतं?" तिनं विचारलं.

चित्रणात खंड पडला की बचावाचा वकील तेच धरून बसणार, हे दिविनाला पक्कं ठाऊक होतं. मध्ये काय पढवलंत म्हणून विचारणार. सगळा जबाब मातीत जाऊ शकत होता.

"होतं की. हे बघ, इथं बटण आहे."

"मी दाबू?"

"तूच दाबायचं."

जोवेलिन उठली. चवड्यांवर उभी राहून तिनं बटण दाबलं. दिवा गेला. हसूही गेलं. तिनं पुन्हा दाबलं, लागला. पुन्हा दाबलं, गेला. कितीतरी वेळ ती तेच करत राहिली, आणि दिविनानं तिला एकदाही थांबवलं नाही. मग मुलीनं ओतापचा पुडा दातांनी फोडला, एक बिस्कीट खाल्लं, हात फ्रॉकला पुसले, आणि दिवा लावून ती खुर्चीत येऊन बसली. या वेळी पाठ टेकून, पाय वर घेऊन.

"तू पाण्यात काय शोधत होतीस?" तिनं विचारलं.

"फोन."

"फोन पाण्यात नाहीये."

दिविनानं तोंडावर आलेला प्रश्न गिळला. मुलांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, हे ती दहा वेळा शिकली होती आणि दुसऱ्यांना शिकवलंही होतं.

"कापितान आजोबा सकाळी आले," जोवेलिन म्हणाली. "पोलीस येणार म्हणाले. मावशी रडायला लागली. मग आजोबांनी फोन घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. मी नंतर बघतो म्हणाले. तेवढ्यात तुमच्या गाड्या आल्या." तिनं दुसरं बिस्कीट काढलं. "आजोबा नेहमीच बघतात. वायर पण त्यांनीच लावून दिली."

पुढचं ती बराच वेळ सांगत होती. मध्ये तिनं दोनदा दिवा बंद केला आणि दोन्ही वेळा स्वतःच लावला.

दिविना तिचा हात धरून बाहेर आली. कापितान बाकावर पेंगत होता, दोन्ही हात पोटावर. चाहूल लागताच सावरून बसला.

"झालं का? आण तो कागद, पोरी, सही करतो."

"तुमची सही आता नको, कापितान. साक्षीदार दुसरा बघू." दिविनाचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका तो शांत होता. दारातला शिपाई पुढे आला. "ती पोटावरची पिशवी टेबलावर ठेवा."

कापितान हसला. आधी दिविनाकडे बघून, मग शिपायाकडे बघून. त्यांच्यापैकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानं जोवेलिनकडे बघितलं आणि रोजच्यासारखा उजवा हात पुढे केला, पालथा, बोटं जरा खाली झुकलेली.

"ये बाळा. सांग यांना, आजोबा कसे आहेत ते."

जोवेलिननं बिस्किटाचा पुडा दिविनाच्या हातात दिला आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.