कोंडीचा लोखंडी नांगर

मित्रांनो, कळंब गावात एका गोठ्यामागे गंजत पडलेला मी एक जुना लोखंडी नांगर. विलायतेतल्या भट्टीत वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले. मग जहाजाने मुंबई आणि आगगाडीने कर्जत. तिथल्या शेतकी प्रदर्शनात भिवाजीच्या बैलांचा पहिला नंबर आला आणि बक्षीस म्हणून मी त्याच्या घरी आलो. "आता या देशाची शेती लोखंडच सुधारील," असे एक साहेब भाषणात म्हणाले. मला ते खरे वाटले.

पहिल्या वर्षी तसेच घडले. लाकडी नांगर माती नुसती ओरखडायचा, मी ती उलथून टाकायचो. भात असे पिकले की शेलूहून लोक मला बघायला आले. भिवाजीच्या बायकोने, कोंडीने, दसऱ्याला मला हळदकुंकू वाहिले. जुना नांगर फोडून चुलीत घातला.

पुढच्या वैशाखात पटकीची साथ आली आणि भिवाजी गेला. त्याचा थोरला भाऊ आबाजी दारात येऊन म्हणाला, "कोंडे, जमीन माज्याकडं दे. दोन येळचं जेवान घालीन." पावसाला सुरुवात होताच कोंडीने बैल जुंपले, पदर खोचला आणि माझ्या रुमण्याची मूठ धरली.

सारा गाव बांधावर जमला.

"बाईनं नांगर धरला तर पाऊस पाठ फिरवील गं!" आबाजी ओरडला.

"भावजी, फिरवली तर मला बोला. नायतर गप ऱ्हावा."

पाऊस लागून राहिला. कोंडीच्या तळहातांना फोड आले, पण मातीत तास सरळ पडत होते. भाताचे पहिले खाचर झाले. दुसऱ्यात चिखलाखालच्या दगडावर माझा फाळ आपटला आणि कडकन दुभंगला.

सहदेव लोहाराने तुकडे हातात घेऊन मान हलवली. "वैनी, आपलं लोखंड तापवलं की जुळतं. हे साच्यातलं वतीव हाय. घण घातला की फुटंल." कोंडीच्या हट्टापायी त्याने घण घातलाच. दोनाचे तीन झाले.

गावात कोणी तिला नांगर दिला नाही. बाईच्या हाती नांगर देऊन अपशकुन कोण ओढवून घेणार? मग तुकडे फडक्यात बांधून ती चालत नेरळला गेली आणि जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसून मुंबईला गेली. परतली तेव्हा फडके तसेच होते. सहदेवाला म्हणाली, "हा फाळ आता येत नाय म्हनं. नवा नांगर घे म्हनाला दुकानदार." मग माझ्याशेजारी बसून ती खूप रडली.

लावणीवाचून रोपे पिवळी पडली. आषाढ सरला. एका खाचराच्या भातावर वर्ष निघेना, तेव्हा जमीन आबाजीकडे गेली, बैलही गेले.

मित्रांनो, नवी यंत्रे जरूर आणा. पण ती मोडली तर सांधणारे हात गावातच तयार करा. नाहीतर जे जुने चालत होते तेही जाते, आणि नवेही हाती राहत नाही.

आता दर पावसाळ्यात कोंडी मजुरीने लावणीला येते. शेत तेच. परवा ती वाकून रोपे खोचत होती आणि आबाजी छत्री घेऊन बांधावर उभा होता.

"जरा दाट लाव गं!" तो खेकसला.

"व्हय मालक," कोंडी म्हणाली.