पिवळ्या दिव्याच्या दोन ओळी

कंपनीत तिला सगळे पुस्तकबाई म्हणत. कंपनी नेटवर्कची मोठी यंत्रं बनवायची. कपाटाएवढी लोखंडी पेटी, पेटीत खण, आणि प्रत्येक खणात सरकवून बसवायचं एकेक कार्ड. एखादं कार्ड बिघडलं तर तेवढंच ओढून काढायचं आणि नवं बसवायचं, यंत्र आपलं चालूच. ह्या यंत्रांबरोबर जाणारं पुस्तक ती लिहायची. पेटी किती उंच, किती खोल, वजन किती, वीज किती खाते, किती अंश उष्णतेपर्यंत तग धरते, आणि कुठल्या कार्डावरचा दिवा कुठल्या रंगात काय सांगतो. एकोणीस वर्षं ती हेच लिहीत आली होती. एकदा तिच्या धाकट्या जावेनं विचारलं, "वहिनी, हे सगळं वाचतं तरी कोण?" "मी," ती म्हणाली, "तेही दोनदा." त्यावर घरातले सगळे पोट धरून हसले, आणि तीही हसली.

एका मंगळवारी सकाळी तक्रार विभागातला चष्मेवाला हातात कागद घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

"पुस्तकबाई, घ्या, जरा करमणूक करून घ्या."

लांबच्या एका शहरातल्या पाणीपुरवठा खात्याचा चौकशी अहवाल होता तो. तीन महिन्यांपूर्वी तिथल्या तंत्रज्ञानं चालू यंत्रातून नको त्या वेळी कार्ड ओढलं होतं. अख्खी पेटी बसली, तिच्यावर चालणारे पंप एका झटक्यात थांबले, पाणी उलटं फिरलं आणि मुख्य नळाचा जोड उडाला. झडप हातानं बंद करायला धावलेला पंपावरचा माणूस ओल्या पायऱ्यांवरून घसरला. त्याच्या खुब्याचं हाड मोडलं.

"आणि हा तंत्रज्ञ म्हणतो की पुस्तकात तसंच लिहिलंय," चष्मेवाला म्हणाला. "म्हणे तक्ता स्वतःच्या हातानं उतरवून कपाटाच्या दाराला चिकटवला होता. मी पुस्तक काढून बघितलं. तसं कुठेही नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय."

अहवालाच्या शेवटच्या पानावर त्या तक्त्याचा फोटो होता. अक्षर मोत्यासारखं, रेघा पट्टी धरून मारलेल्या. पेटीत नियंत्रणाची दोन कार्डं असतात. एक काम करतं, दुसरं राखीव असतं. राखीव कार्डाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर ते निवांत आहे, काढलं तरी चालतं. तोच दिवा लुकलुकत असेल तर ते जोडीदाराकडून माहिती घेतंय, तेव्हा त्याला हात लावायचा नाही. मध्येच ओढलं तर दोन्ही कार्डं गोंधळतात. फोटोतल्या तक्त्यात ह्या दोन ओळी बरोबर उलट्या होत्या.

चौकशी समितीनं निष्कर्ष काढला होता: तंत्रज्ञानं तक्ता चुकीचा उतरवला.

तिनं फोटोतल्या ओळी पुन्हा वाचल्या. तक्ता अगदी बरोबर उतरवलेला होता. पहिल्या आवृत्तीत तिनंच तसं लिहिलं होतं.

चार महिन्यांपूर्वी चाचणी विभागातल्या इंजिनियरनं तिला ते दाखवलं होतं. तिनं दहा मिनिटांत ओळी सुलट्या केल्या आणि दुसरी आवृत्ती चढवली. गिऱ्हाइकं पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावरच वाचत; पहिली आवृत्ती तिथून निघून गेली. पुस्तकाच्या शेवटी बदलांची यादी असते, तिच्यात ही नोंद करायला हवी होती. पण साहेब म्हणाले, "दोन ओळींसाठी कशाला बोभाटा? गिऱ्हाईक उगाच बिचकतं." आणि ती "बरं" म्हणाली होती. वाद घातला नव्हता, की रात्री तळमळलीही नव्हती. नुसतं "बरं" म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली.

त्यानंतर महिन्याभरानं तिकडे कार्ड ओढलं गेलं.

ती तडक साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हते. तिच्या बाळंतपणात त्यांनीच तिची नोकरी राखली होती. त्यांनी अहवाल वाचला आणि घडी घालून खणात ठेवला.

"कायद्याच्या लोकांना दाखवतो," ते म्हणाले. "तुम्ही मात्र परस्पर पत्रबित्र लिहू नका."

आठ दिवस गेले. ती रोज विचारायची आणि साहेब रोज "बघतायत" म्हणायचे. तिला जेवण जाईना. शेवटी नवऱ्यानं हातातली पोळी ताटात ठेवून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं.

"पण त्या पुस्तकावर तुझं नाव कुठे आहे?" नवरा म्हणाला. "कुणाला कळणार तरी कसं?"

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

नवव्या दिवशी तिनं रजा टाकली. पहिल्या आवृत्तीची तारखेचा शिक्का असलेली छापील प्रत तिच्या कपाटात होती. ती पिशवीत घातली आणि पहाटेची बस धरली.

त्या तंत्रज्ञाला खात्यात दिवेमास्तर म्हणत, कारण नुसते दिवे बघून यंत्राचं दुखणं ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याला आता यंत्रांच्या खोलीतून काढून गोदामात बसवलं होतं. तिथे नळाचे जोड मोजायचं काम होतं. पत्ता विचारत ती त्याच्या घरी पोचली. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"ते घरी नाहीत असं सांगायला सांगितलंय," ती दमल्या आवाजात म्हणाली. "या, बसलेत आत."

दिवेमास्तर पन्नाशीचा, किडकिडीत माणूस होता. पुस्तकबाईनं आपण कोण ते सांगितलं. तो ताडकन उभा राहिला, शाळेत मुख्याध्यापक आल्यावर उभं राहावं तसा.

"माफ करा," तो म्हणाला. "मी तुमच्या पुस्तकाला उगाच बोल लावला. उतरवताना माझीच नजर चुकली. दोन डॉक्टरांना डोळे दाखवले. रंग ओळखायची चाचणीसुद्धा केली. ते म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. मग डोकंच गेलं असणार."

"घरातल्या बटणांनाही हात लावत नाहीत," बायको म्हणाली. "म्हणतात, माझा भरवसा नाही."

पुस्तकबाईनं पिशवी पुढे ओढली. तिनं प्रत काढली, पान उघडलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

त्यानं ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग बोट परत वर नेलं आणि पुन्हा वाचलं. तारखेचा शिक्का बघितला. उठून आत गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आला तेव्हा तोंड ओलं होतं, शर्टाची कॉलरही भिजली होती.

"चूक कुणाची? छापणाऱ्याची?"

"माझी. लिहितेही मीच आणि तपासतेही मीच."

"त्या दिवशी काय झालं होतं? घरात कुणी आजारी होतं का?"

हा प्रश्न तिनं स्वतःला आधीच विचारला होता. जुनी डायरी काढून तो दिवस शोधला होता.

"काहीच नव्हतं," ती म्हणाली. "साधा बुधवार होता. घरी सगळे बरे होते. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, केक खाल्ला. बस."

त्यानं प्रत मिटली. "काहीतरी असतं तर बरं झालं असतं," तो हळूच म्हणाला.

"अजून एक सांगायचंय. चूक मला कळली होती. तुमच्या अपघाताच्या महिनाभर आधी. मी नवं पुस्तक केलं, पण कुणाला कळवलं नाही. कळवू नका म्हणाले, आणि मी ऐकलं."

बायको म्हणाली, "म्हणजे अख्खा महिना हातात होता."

"हो."

बायकोनं चहाचे कप उचलले. पुस्तकबाईचा कप अर्धा भरलेला होता, तोही उचलला. "तुम्ही एवढ्या लांबून आलात, चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण आत्ता मला तुमच्याशी गोड बोलता येणार नाही." आणि आत निघून गेली.

दिवेमास्तरानं चपला पायात सरकवल्या. "चला," तो म्हणाला. "हे पान घ्या बरोबर."

दोन गल्ल्या सोडून पंपवाल्या काकांचं घर होतं. दोघांनी बावीस वर्षं एकाच आवारात काढली होती. दुपारचा डबा एकत्र, भांडणंही एकत्र. अपघातानंतर मास्तर एकदाच दवाखान्यात गेला होता, आणि तेव्हाही काका झोपलेले बघून आल्या पावली परतला होता. दारापाशी त्याचे पाय अडखळले. मग त्यानं कडी वाजवली.

काका पलंगावर बसले होते, शेजारी चार पायांची काठी. मास्तरानं राम राम म्हटलं नाही की कसे आहात विचारलं नाही. पान पुढे धरून म्हणाला, "काका, उतरवण्यात माझी चूक नव्हती."

"मी कधी म्हटलं तुझी होती म्हणून?"

"मग मला बोलावलं का नाहीत?"

"गाढवा," काका म्हणाले, "मोडक्या खुब्याच्या माणसानं तुझ्याकडे यायचं, की धडधाकट पायांच्या माणसानं माझ्याकडे?"

मास्तर मटकन पलंगाच्या कडेवर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून दारात उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं.

"आणि ह्या कोण?"

"ते पुस्तक मी लिहिलंय," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. रागावले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत.

"माझ्या खुब्यात पट्टी आणि तीन स्क्रू आहेत," ते शेवटी म्हणाले. "ज्या डॉक्टरनं ते बसवले, त्यानंही कुणाचं तरी पुस्तक वाचूनच बसवले असतील ना? कुणीतरी टेबलापाशी बसून ते लिहिलं असेल. नीट लिहीत जा हो, बाई."

एवढंच बोलून ते मास्तराकडे वळले.

तिथून ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. काय घडलं ते स्वतःच्या हातानं लिहून काढलं, खाली सही केली, प्रत जोडली आणि पोच घेतली. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तिनं त्याची नक्कल ठेवली. साहेबांचा चेहरा उतरला. "मला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "विचारलं होतं, साहेब. आठ दिवस," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी चौकशी पुन्हा झाली आणि दिवेमास्तराच्या नावापुढचा ठपका पुसला गेला. त्याला त्याची खोली परत मिळाली. हे तिला चष्मेवाल्याकडून कळलं, आणि सांगताना तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. काका कामावर परत गेले नाहीत. मास्तरानं कधी फोन केला नाही, आणि करावा अशी तिनं अपेक्षाही ठेवली नाही. तिच्याकडून पुस्तकं काढून घेतली. ती आता खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांचा मजकूर लिहायची: वरची बाजू कुठली, वजन किती, किती खोकी एकावर एक रचायची. साहेबांनी तिला काढलं नाही, पण बोलणं तोडलं.

कंपनीनं सगळ्या गिऱ्हाइकांना दोन ओळींच्या चुकीचं पत्र पाठवलं. पुष्कळांनी उत्तर दिलं, पण अकरा ठिकाणांहून काहीच आलं नाही. त्या अकरांची यादी तिनं मागून घेतली आणि चिठ्ठ्यांचं काम आटपल्यावर एकेकाला स्वतः फोन लावला. बऱ्याच जणांनी "हो हो, बघतो" म्हणून फोन ठेवला. तशांना तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

सातव्या ठिकाणी एका बाईनं फोन उचलला. मागे पंख्यांची घरघर येत होती, म्हणजे ती यंत्रांच्या खोलीतच उभी असणार. पुस्तकबाईनं दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

"थांबा हं," पलीकडची म्हणाली. "आमच्या कपाटाच्या दारावर तक्ता आहे बहुतेक." मग थोडा वेळ नुसतीच घरघर. "अय्या, उलटंच आहे की हो! काढू का हा कागद?"

"काढा," पुस्तकबाई म्हणाली. "मी धरते फोन."