शून्य दाव्यांची वस्ती

विमा कंपनीच्या दावे विभागात त्याला पाठीमागे सगळे ‘पुरावा’ म्हणत. माणूस वाईट नव्हता. कुणी गेल्याचं कळलं तरी दाखला पाहिल्याशिवाय तोंडातून ‘अरेरे’ काढत नसे, एवढंच.

त्याची बदली महानगरातल्या मुख्य कचेरीत झाली. पगार वाढला बोटभर आणि भाडं वाढणार होतं हातभर. बायकोलाही तिथल्या एका मोठ्या दुकानात काम मिळालं होतं, गिऱ्हाइकांच्या मापाला कपडे बसवून देण्याचं. सुटायची वेळ सहा. म्हणजे रोज संध्याकाळी बसथांब्यापासून घरापर्यंत ती एकटी चालत येणार. तिची अट एकच होती.

“घर लहान चालेल, अंधारं चालेल, पाणी खालून भरावं लागलं तरी चालेल. पण येताना मला मागे वळून बघायला लागू नये.”

तिची धाकटी बहीण त्या शहरात बारा वर्षं राहत होती. तिने लगेच फोन केला. “भाऊजी, माझ्या गल्लीत एक खोली रिकामी आहे. खुराडंच आहे, पण इथं पोरी क्लासहून एकट्या येतात. आणि त्या नदीपलीकडच्या वस्तीचं नावसुद्धा काढू नका, आधीच सांगून ठेवते.”

“आधार काय?”

“आधार म्हणजे?”

“आकडा. किती चोऱ्या, कुठल्या साली?”

“अहो, मी राहते ना इथं!”

“राहणं हा आधार नव्हे. तुझी ताई इतकी वर्षं माझ्यासोबत राहतेय, तिला विमा कळतो का?”

धाकटीने फोन ठेवला. त्याने मुख्य कचेरीतून घरफोडी आणि लूटमारीच्या दाव्यांची सहा वर्षांची यादी मागवली आणि तीन रविवार घालून वस्तीवार तक्ता मांडला. शहाण्यासुरत्या लोकांच्या वस्त्यांत चाळीस दावे, साठ दावे. मेहुणीच्या वस्तीत नऊ. नदीपलीकडे शून्य. पुन्हा तपासलं, तरी शून्य. आणि भाडं मेहुणीच्या खुराड्याहून कमी! आवळा देऊन कोहळा म्हणतात तो हाच. बायकोने तक्ता पाहिला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण नवऱ्याचं अक्षर सुंदर होतं.

जागा ऐसपैस निघाली. फक्त खिडक्यांना दुहेरी गज होते, शेजाऱ्यांच्या दारांना तीन-तीन कुलपं होती आणि कोपऱ्यावरचा किराणावाला सगळं सामान लोखंडी जाळीच्या फटीतून द्यायचा.

“अहो, हा साखरसुद्धा जाळीतून देतो,” बायको म्हणाली.

“सावध लोक आहेत. म्हणून तर चोऱ्या होत नाहीत.”

उत्तर त्याच्याकडे नेहमीच तयार असे.

चौथ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत पॉलिसी विभागातल्या एका लठ्ठ गृहस्थाने सहज विचारलं, “घर कुठं घेतलंत?” पुराव्याने ऐटीत वस्तीचं नाव सांगितलं. लठ्ठ गृहस्थाचा घास हातातच राहिला.

“तिथं? अहो, तिथं पॉलिसी विकणं आम्ही बंद केलं, त्याला चौदा वर्षं झाली. भरपाई देता देता कंपनीची कंबर मोडली होती.”

“पण तिथून दावा एकही नाही!”

“पॉलिसीच नाही तर दावा करणार कोण? न शिवलेल्या सदऱ्याची बटणं मोजत बसलात की काय?”

टेबलावरचे सगळे हसले. पुरावाही हसला. मग नळावर जाऊन त्याने आपला डबा तीनदा घासला.

दुपारी त्याने मेहुणीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, “ती तुमच्या गल्लीतली खोली गेली असेल ना?”

“नाही हो, महिनाअखेरपर्यंत आहे. का? येताय?”

त्या ‘येताय’मध्ये हसू होतं की नुसती चौकशी, हे त्याला ठरवता येईना. त्याने मनात तोलून पाहिलं. घर सोडलं तर अनामत बुडणार. ती सोसली असती. पण मेहुणीचं ‘मी म्हटलं नव्हतं?’ जन्मभर ऐकायचं, हे सोसण्यातलं नव्हतं.

“छे छे. कचेरीतला एकजण विचारत होता,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून थेट दारात उतरू लागला. बायकोला म्हणाला, “थांब्यावरून येताना पिशवी घट्ट धरत जा.”

“का हो? काही ऐकलंत का?”

“ऐकायचंय काय? सवय चांगली, म्हणून सांगतो.”

तिने ती सवय लावून घेतली. नवऱ्याने सांगितलेलं ती मनावर घेत असे. पिशवीचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन ती चालायची. एकोणिसाव्या दिवशी, सव्वासातला, किराणावाल्याच्या दुकानासमोर दोघांनी पिशवी ओढली. पट्टा सुटेना. त्यांना घाई होती. त्यांनी पिशवीबरोबर हातही पिरगाळला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. किराणावाल्याने जाळीमागचं शटर खाली घेतलं. सकाळी तिची रस्त्यात राहिलेली एक चप्पल मात्र त्याने आठवणीने परत दिली, जाळीतूनच.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण या हाताने पुन्हा कात्री चालवता येईल असं धरून चालू नका.

खाटेच्या एका बाजूला धाकटी उभी होती. तिची जीभ म्हणजे दुधारी, पण आज ती बहिणीचे केस नुसते मागे सारत होती. दुसऱ्या बाजूला तो.

“अहो,” बायको म्हणाली, “एवढ्या शहरातून तुम्ही निवडून निवडून ही जागा काढलीत. सहा वर्षांत तिथं कुणाचं काही गेलं नाही. मग माझ्याच बाबतीत कसं हो? माझंच काही चुकलं का? त्या दिवशी माझी नेहमीची बस चुकली होती. त्यामुळे झालं का?”

धाकटीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिला काही ठाऊक नव्हतं. तीही उत्तराची वाट पाहत होती.

त्याने चादरीची सुरकुती तळहाताने सपाट केली. पुन्हा एकदा केली.

“उशीर झालाच होता तुला थोडा,” तो म्हणाला.

तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

“बरी झाले की आधीची बस पकडत जाईन,” ती म्हणाली.