विलबरची अदलाबदल

बेसबॉलचा सलग नववा सामना आमचा संघ हरत होता आणि स्टेडियमच्या अकराव्या रांगेत, म्हणजे आमच्या रांगेत, नेहमीप्रमाणे संघाने अदलाबदलीत दुसऱ्यांना देऊन टाकलेल्या खेळाडूंचं श्राद्ध चाललं होतं.

"ओर्लोस्कीला घालवला, आणि आणलं काय? चेंडू टाकायला दोन लंगडे पिचर!" विलबर ओरडला. वीस वर्षं तो आमच्या रांगेतून असाच ओरडतोय.

"गप रे! तुलाच देऊन टाकू का मागच्या रांगेला?" त्याच्या शेजारची थेल्मा म्हणाली.

मागे बाराव्या रांगेत हेलन बसते. ती घरून बटाट्याच्या पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, करून आणते. सौदा दोन मिनिटांत ठरला. विलबर हसत मागे गेला, हेलन डबा घेऊन पुढे आली.

पिएरोगी झकास होत्या. पण पुढच्याच डावात आमच्या संघाच्या पोराने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलावला, तेव्हा आमच्या रांगेत कुणी उठलंसुद्धा नाही. मागे मात्र विलबरने अख्खी बारावी रांग नाचवली.

थेल्मा वळली. "द्या बाबा त्याला परत. ही घ्या तुमची हेलन."

"एवढ्यावर नाही जमायचं, थेल्माबाई," बाराव्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. " भाव वाढलाय त्याचा. वर आणखी एक माणूस द्या."

थेल्माने रांगेवरून नजर फिरवली. ती माझ्यावर थांबायला फार वेळ लागला नाही.

"हा चालेल?"

मागे थोडी कुजबुज झाली. "हेलनसकट असेल, तर चालेल."

मी माझी बसायची उशी उचलली.