बाजाराच्या दिवसापर्यंत

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात प्रणयनं बाळीचा फोन टेबलावर ठेवून टिचकी मारली, तसा तो भोवऱ्यासारखा फिरला.

"बघा मावशी. सपाट असता तर फिरला नसता. बॅटरी फुगलीय. ती खालून काचेला रेटते, म्हनून बोट न लावताच चालू कॉल कापला जातो. कुठं ठेवलावता?"

"चुलीवर टांगलावता," बाळी म्हणाली. "भिजला ना. पावसात आमी समदं तिथंच सुकवतो. बियानं, सुपं."

"नि बॅटरीचे पापड केलेत!"

बाळी सिद्धगडाच्या पायथ्यावरून मुरबाडला एवढ्याचसाठी आली होती. तिनं विचारलं, "पन नीट होल ना? पोरीचा रोज फोन येतो."

"काच नि बॅटरी दोन्ही कल्यानवरनं मागवावी लागंल. बाजाराच्या दिवशी मिळंल. तवर हा इथंच ठेवा, घरी पेट घेईल. त्यापेक्षा बटनाचा घ्या. आजच बोला पोरीशी."

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. तपासायला म्हणून प्रणयनंच तो घेतला. पडद्यावर एक मुलगी दिसली. त्यानं आवाज वाढवला, अजून वाढवला.

"घ्या, स्पीकर पन गेला. आता दुरुस्त काय करायचं?"

बाळीनं पिशवी खाली ठेवून दोन्ही हात वर केले होते. मुलीचे हात भराभर चालू लागले. बाळीचेही. प्रणयचं बोट आवाजाच्या बटणावर तसंच राहिलं. मग पडदा थरथरला आणि कॉल आपोआप कापला गेला.

"रोशनीला जल्मापासनं ऐकू येत नाय," बाळी म्हणाली. "कल्यानला शिलाईच्या कामाला असते. बटनाच्या फोनवर मी काय बोलू रे? तू काच टाक."

प्रणयनं स्वतःचा फोन तिच्यासमोर धरला. "यावरनं लावा. सांगा तिला."

बाळीनं गाल फुगवून दाखवले. रोशनी हसली. मग बाळीनं डोक्यावर पाटी धरल्यासारखे हात नेले, म्हणजे बाजाराचा दिवस. आणि तळव्यानं स्वतःचे डोळे झाकले, म्हणजे तोवर एकमेकींना दिसणं बंद. रोशनीचं हसू थांबलं. मग तिनं मान डोलावली.

परतीच्या एसटीत म्हसा गाव मागं पडलं, तेव्हा रोजच्या कॉलची वेळ झाली होती. बाळीची बोटं मांडीवर हलत होती. अंडी उबवायला बसलेली कोंबडी, गळणारं कौल, वालाची भाजी.

"हात दुखतात का गो?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"नाय."

बाळीनं हात पदराखाली घेतले. पदर हलत राहिला.